‘पारा यो’ की ‘पारा मी’? स्पॅनिशमधल्या प्रिपोझिशननंतरची सर्वनामं पुन्हा पुन्हा चुकत असतील तर

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “कोष्टक पाठ आहे. रिकाम्या जागा भरा म्हटलं की सगळ्या बरोबर येतात. पण बोलायला गेलं की ‘पारा यो’, ‘कोन तू’, ‘सिन मे’ असलंच काहीतरी तोंडातून निघतं.” नवशिक्यांच्या वह्या तपासताना ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता कोष्टक पुन्हा पाठ करा असं मी कोणालाच सांगत नाही. त्यांना कोष्टक येतंच. चूक येते ती मराठीच्या एका पक्क्या सवयीतून, आणि ती सवय ओळखल्याशिवाय कितीही घोकंपट्टी केली तरी उपयोग होत नाही.

आधी लिहिण्याची पद्धत सांगते. खाली सगळे स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि अवतरणचिन्हांत आहेत. हे नीट लक्षात ठेवा, कारण अवतरणातला ‘मी’ स्पॅनिश आहे आणि अवतरणाबाहेरचा मी मराठी. या दोन ‘मीं’मुळेच निम्मा गोंधळ होतो.

सवय कुठली?

मराठीत शब्दयोगी अव्यय लागलं की सर्वनामाचं सामान्यरूप होतं, आणि ते सगळ्यांचंच होतं. मी, साठी: माझ्यासाठी. तू: तुझ्यासाठी. तो: त्याच्यासाठी. ती: तिच्यासाठी. आम्ही: आमच्यासाठी. ते: त्यांच्यासाठी. एकही सर्वनाम जसंच्या तसं राहत नाही. स्पॅनिशमध्ये हेच काम प्रिपोझिशन करतं, फक्त ते सर्वनामाच्या आधी येतं. त्यामुळे ‘पारा’ म्हणजे ‘साठी’ हे कळल्याबरोबर आपलं डोकं प्रत्येक सर्वनामाचं बदललेलं रूप शोधायला लागतं.

स्पॅनिशमध्ये फक्त दोन बदलतात. ‘यो’चं (म्हणजे कर्ता असलेल्या मराठी मीचं) ‘मी’ होतं आणि ‘तू’चं ‘ती’ होतं. बाकी सगळी कर्ता असताना जशी असतात तशीच राहतात: ‘पारा एल’ (त्याच्यासाठी), ‘पारा एया’ (तिच्यासाठी), ‘पारा उस्तेद’ (आपल्यासाठी, आदरार्थी एकवचन), ‘पारा नोसोत्रोस’ (आमच्यासाठी किंवा आपल्यासाठी, स्पॅनिश हा फरक करत नाही), ‘पारा एयोस’, ‘पारा एयास’, ‘पारा उस्तेदेस’. स्पेनमध्ये जवळच्या अनेक माणसांशी बोलताना ‘पारा बोसोत्रोस’. तिसरा एक बदल आहे तो ‘स्वतः’च्या अर्थाचा ‘सी’. त्याच्याकडे नंतर येते.

म्हणजे आपल्याला बदल शिकायचे नाहीत, बहुतेक ठिकाणी न बदलायला शिकायचं आहे. ‘पारा एल’ म्हणताना ‘हे असं कोरडंच कसं ठेवायचं?’ असं वाटतं, आणि तिथेच ‘पारा ले’, ‘पारा लो’, ‘पारा सू’ असे शब्द आत घुसतात. कोरडंच ठेवा. तेच बरोबर आहे.

कानाला फसवणारे चार शब्द

दुसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे दोन शब्द बदलतात, नेमके तेच मराठी कानाला ओळखीचे वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो.

स्पॅनिश ‘मी’ आपल्या मी सारखाच ऐकू येतो, पण तो कर्ता कधीच होत नाही. स्पॅनिश ‘ती’ आपल्या ती सारखा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ ‘तुझ्या’ आहे. स्पॅनिश ‘ते’ आपल्या ते सारखा वाटतो, आणि अर्थ ‘तुला’. चौथा ‘तू’: हा मात्र खरंच तूच आहे, उच्चारानेही आणि अर्थानेही. तो इतका घरचा वाटतो की ‘तू’ सोडून ‘ती’ म्हणायला जीभ तयार होत नाही, आणि ‘पारा तू’, ‘सिन तू’ अशी वाक्यं तयार होतात.

‘ती’ची चूक जास्त नुकसान करते, कारण तिथे वाक्य व्याकरणाने शुद्ध राहतं आणि अर्थ मात्र उलटा होतो. समजा, तुम्हाला म्हणायचं आहे, “हे पुस्तक तिच्यासाठी आहे.” तुम्ही म्हणालात, ‘एस्ते लीब्रो एस पारा ती.’ समोरची व्यक्ती ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणून पुस्तक घेईल. तिने ऐकलं ते बरोबरच ऐकलं: पुस्तक तुझ्यासाठी आहे. तुम्हाला म्हणायचं होतं ‘पारा एया’.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे, आणि तो कागदावर होत नाही. बोट वापरायचं. ‘पारा मी’ म्हणताना स्वतःच्या छातीकडे, ‘पारा ती’ म्हणताना समोरच्याकडे, ‘पारा एल’ आणि ‘पारा एया’ म्हणताना बाजूला दूर. मराठी अर्थ मनात आणायचाच नाही. मग प्रिपोझिशन बदलत जा: ‘सिन मी, सिन ती, सिन एया’ (शिवाय), ‘दे मी, दे ती, दे एया’ (बद्दल, कडून), ‘पोर मी, पोर ती, पोर एया’ (मुळे, खातर). रोज दोन मिनिटं पुरतात. थोड्याच दिवसांत ‘ती’ म्हटलं की बोट आपोआप समोर जायला लागतं, आणि मग मराठी ती आड येत नाही.

‘पारा मे’, ‘सिन ते’, ‘कोन ले’

ही चूक थोड्या पुढे गेलेल्यांची. ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला किंवा तिला, हे शिकून झालेलं असतं. ‘मला’ हे मीचं बदललेलं रूप आहे आणि प्रिपोझिशननंतर बदललेलं रूप हवं, म्हणून ‘मे’ लावून टाकलं जातं.

तपासायला मराठीच वापरा. ‘मलासाठी’ म्हणता येतं का? ‘तुलाशिवाय’? नाही. मला या रूपाला पुढे अव्यय चालत नाही, त्याला क्रियापद लागतं: मला दे, मला सांग. ‘मे’, ‘ते’, ‘लो’, ‘ला’, ‘ले’, ‘नोस’, ‘ओस’, ‘लोस’, ‘लास’, ‘लेस’ यांचंही तसंच आहे. ही क्रियापदाला चिकटून राहणारी, स्वतःचा आघात नसलेली रूपं आहेत. एक तर क्रियापदाच्या आधी येतात, नाही तर त्याच्या शेवटी जोडली जातात. प्रिपोझिशनला मात्र आघात पेलणारं, स्वतंत्र उभं राहणारं सर्वनाम लागतं. वाक्यात ‘पारा मे’ लिहिलं गेलं असेल तर मनात ‘मलासाठी’ म्हणून पाहा. चूक लगेच टोचते.

इथे एक सावधगिरी. ‘पारा’नंतर ‘मे’ किंवा ‘ते’ कधी ऐकू येतच नाहीत असं नाही. ‘पारा देसीर्ते’ म्हणजे तुला सांगण्यासाठी. पण इथे ‘ते’ ‘पारा’ला लागलेला नाही, ‘देसीर’ या क्रियापदाला लागला आहे. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की हिशेब बदलतो.

‘कोन’चा वेगळा संसार

‘कोन’ म्हणजे बरोबर, सह, शी. ‘कोन मी’ आणि ‘कोन ती’ अशी रूपं स्पॅनिशमध्ये नाहीत. त्यांच्या जागी ‘कोनमीगो’ आणि ‘कोनतीगो’, एकेक अखंड शब्द. बाकी सगळे नेहमीप्रमाणे: ‘कोन एल’, ‘कोन एया’, ‘कोन नोसोत्रोस’, ‘कोन उस्तेद’.

हे ‘गो’ आलं कुठून, हे कळलं की ते विसरत नाही, आणि मराठी वाचणाऱ्याला तर ते जास्तच पटेल. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सह. तो बहुतेक नामांच्या आधी यायचा, पण या सर्वनामांना मात्र मागून जोडला जायचा: ‘मेकुम’, ‘तेकुम’, ‘सेकुम’. हुबेहूब आपल्या ‘माझ्यासह’, ‘तुझ्यासह’सारखी रचना! पुढे बोलता बोलता ‘कुम’ झिजून ‘गो’ झाला, आणि त्या ‘गो’मध्येच ‘सह’ दडलेला आहे हे लोकांच्या ध्यानात राहिलं नाही. म्हणून त्यांनी पुढे पुन्हा ‘कोन’ लावला. ‘कोनमीगो’ म्हणजे अक्षरशः ‘सह-माझ्या-सह’. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘आमच्यासह’साठीसुद्धा ‘कोन्नुस्को’ असं रूप होतं. ते मागे पडलं आणि ‘कोन नोसोत्रोस’ राहिलं. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र तशी रूपं आजही वापरात आहेत.

तर ‘माझ्याबरोबर ये’ म्हणजे ‘बेन कोनमीगो’. ‘मला तुझ्याशी बोलायचं आहे’ म्हणजे ‘क्येरो आब्लार कोनतीगो’. ‘शी’ आणि ‘बरोबर’ यांना स्पॅनिशमध्ये एकच ‘कोन’ पुरतो, हे आपल्यासाठी सोयीचं आहे.

आता ‘कोनसीगो’. हा शब्द ‘त्याच्याबरोबर’ या अर्थाने वापरणं ही ठरलेली चूक आहे. ‘मी त्याच्याबरोबर जातो’ हे ‘बोय कोन एल’च. ‘कोनसीगो’ तेव्हाच, जेव्हा ‘बरोबर’ असलेली व्यक्ती आणि वाक्याचा कर्ता एकच असतो. मराठीत आपण हा फरक रोज करतो: ‘लुइसने त्याच्याबरोबर पुस्तक आणलं’ आणि ‘लुइसने आपल्याबरोबर पुस्तक आणलं’ यांत पहिला ‘तो’ दुसरा कोणीतरी वाटतो, दुसऱ्या वाक्यात लुइसच. जिथे तुम्ही आपल्याबरोबर किंवा स्वतःशी म्हणाल, तिथेच ‘कोनसीगो’. ‘आब्ला कोनसीगो मीस्मो’ म्हणजे तो स्वतःशीच बोलतो. इतर प्रिपोझिशननंतर याच अर्थी ‘सी’ येतो: ‘आब्ला दे सी मीस्मो’, तो स्वतःबद्दल बोलतो. आपलं स्वतः कधी बदलत नाही, पण ‘मीस्मो’ बदलतो, हे बायकांनी विशेष लक्षात ठेवावं. बाई स्वतःबद्दल बोलत असेल तर ‘पारा मी मीस्मा’, ‘पारा मी मीस्मो’ नव्हे.

‘कोनसीगो’ अचानक भलत्याच ठिकाणी भेटला तर घाबरू नका. ‘नो कोनसीगो दोर्मीर’ म्हणजे ‘मला झोप लागतच नाहीये’. तिथे तो सर्वनाम नसून ‘कोनसेगीर’ या क्रियापदाचं रूप आहे: मिळवणं, साधणं.

‘आना आणि माझ्याबरोबर’ कसं म्हणायचं हा प्रश्न हमखास येतो. मराठीत शेवटच्या शब्दाला एकदा अव्यय लावलं की भागतं. स्पॅनिशमध्ये ‘मी’ किंवा ‘ती’ दुसऱ्या जागी असेल तर प्रिपोझिशन पुन्हा म्हणायचं: ‘कोन आना इ कोनमीगो’, ‘पारा आना इ पारा मी’, ‘पारा ती इ पारा मी’. पुनरुक्ती वाटली तरी तीच नैसर्गिक आहे.

‘तुझा विचार’: मराठी विभक्ती आडवी येते तेव्हा

वर सांगितलेलं सगळं जमूनही इथे अडखळायला होतं, आणि याचं मला नवल वाटत नाही. अनेक क्रियापदांच्या बाबतीत मराठी जिथे ‘चा-ची-चे’ किंवा ‘वर’ लावते, तिथे स्पॅनिश भलतंच प्रिपोझिशन घेते. मग विद्यार्थी ‘तुझा’ म्हणून ‘तू’ लिहितो, कारण मालकी दाखवणारा ‘तुझा’ही स्पॅनिशमध्ये ‘तू’च असतो, फक्त डोक्यावर रेघ नसलेला.

‘मी तुझा विचार करतो’ हे ‘प्येन्सो एन ती’ आहे. शब्दशः ‘तुझ्यात विचार करतो’. ‘माझी आठवण आहे का तुला?’ हे ‘ते आक्वेर्दास दे मी?’ ‘माझ्या स्वप्नात तू आलीस’ हे ‘सोन्ये कोनतीगो’, म्हणजे ‘तुझ्याबरोबर स्वप्न पाहिलं’; मला ही रचना फार आवडते, आपल्या मराठीत स्वप्नात माणूस येतो, स्पॅनिशमध्ये त्याच्याबरोबर स्वप्न पाहायचं असतं. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ हे ‘कोन्फिया एन मी’. ‘मला हसू नकोस’ हे ‘नो ते रियास दे मी’. ‘ते तुझ्यावर अवलंबून आहे’ हे ‘देपेन्दे दे ती’. ‘तो तिच्या प्रेमात पडला’ हे ‘से एनामोरो दे एया’, आणि पुढे लग्न झालं तर ‘से कासो कोन एया’. हे एक मात्र मराठीशी अगदी जुळतं, तिच्याशी लग्न केलं.

यावर उपाय एकच. क्रियापद पाठ करताना ते प्रिपोझिशनसकट पाठ करायचं. वहीत ‘पेन्सार = विचार करणे’ असं लिहू नका, ‘पेन्सार एन’ असं लिहा, आणि खाली लगेच ‘प्येन्सो एन ती’ हे पूर्ण वाक्य. ‘सोन्यार कोन’, ‘देपेन्देर दे’, ‘कोन्फियार एन’, ‘एनामोरार्से दे’. प्रिपोझिशन क्रियापदाला घट्ट चिकटलं, की त्यानंतरचं सर्वनाम आपोआप योग्य रूपात येतं. चूक सर्वनामाची दिसते, पण अशा वेळी कमतरता क्रियापदाच्या अभ्यासात असते.

‘माझ्या मागे’

माझ्या मागे, तुझ्या जवळ, तिच्या समोर. मराठीत हे मालकीसारखं दिसतं, म्हणून विद्यार्थी ‘मी देत्रास’ लिहितात. स्पॅनिशमध्ये अशा शब्दांना ‘दे’ची जोड लागते: ‘देत्रास दे मी’ (माझ्या मागे), ‘देलान्ते दे ती’ (तुझ्या पुढे), ‘सेर्का दे एया’ (तिच्या जवळ), ‘लेखोस दे नोसोत्रोस’ (आमच्यापासून दूर), ‘देबाखो दे एल’ (त्याच्या खाली).

स्पॅनिश लोकांच्या तोंडी तुम्हाला ‘देत्रास मीओ’ ऐकू येईल (‘मीओ’ म्हणजे माझा). स्पॅनिशचे नियम ठरवणारी संस्था, रेआल अकादेमिया एस्पान्योला, ते प्रमाण मानत नाही. पण ‘आल लादो मीओ’ (माझ्या शेजारी) मात्र चालतं. हा दुजाभाव का? ‘लादो’ म्हणजे बाजू, ते नाम आहे. ‘आ मी लादो’, ‘माझ्या बाजूला’, असं म्हणता येतं. ‘देत्रास’ क्रियाविशेषण आहे, त्याच्या आधी ‘माझं’ लागत नाही. म्हणून कसोटी अशी: ‘मी’, ‘तू’, ‘सू’ हे मालकीचे शब्द आधी लावून पाहा. लागले तर मागे ‘मीओ’ चालेल, नाही तर ‘दे मी’. नवशिक्यांना मी तरी सरळ ‘दे मी’लाच चिकटून राहायला सांगते. ते कुठेच चुकत नाही.

आणि उलटी चूकही होते. ‘माझं पुस्तक’ हे ‘एल लीब्रो दे मी’ नव्हे, ‘मी लीब्रो’. ‘एल लीब्रो दे एल’ किंवा ‘दे एया’ चालतं, कारण ‘सू लीब्रो’ म्हटलं तर त्याचं, तिचं, त्यांचं की आपलं हे कळत नाही. ‘मी’ आणि ‘ती’बाबत असा संशय येतच नाही.

जिथे ‘यो’ आणि ‘तू’च बरोबर आहेत

नियम अंगवळणी पडला की विद्यार्थी तो सगळीकडे लावायला लागतात, आणि ‘एन्त्रे ती इ मी’ असं वाक्य येतं. ‘तुझ्यामाझ्यात’ हे ‘एन्त्रे तू इ यो’. ‘तुझ्या मते’ हे ‘सेगून तू’. ‘माझ्याखेरीज सगळे’ हे ‘तोदोस एक्सेप्तो यो’, ‘तोदोस मेनोस यो’ किंवा ‘तोदोस साल्बो यो’. ‘एक्सेप्तो’, ‘मेनोस’ आणि ‘साल्बो’ दिसायला प्रिपोझिशनसारखे असले तरी आजचे व्याकरणकार त्यांना उभयान्वयी मानतात, म्हणून त्यांच्यापुढे कर्त्याचंच रूप. ‘एन्त्रे’ आणि ‘सेगून’ मात्र प्रिपोझिशनच आहेत. ते दोन अपवाद म्हणून सरळ लक्षात ठेवा.

‘आस्ता’ दोन्हीकडे जातो. ‘माझ्यापर्यंत आला’ असेल तर ‘आस्ता मी’. पण ‘अगदी मीसुद्धा’ या अर्थाने असेल तर ‘आस्ता यो’: ‘आस्ता यो लो से’, हे तर मलासुद्धा माहीत आहे. ‘इन्क्लूसो यो’ही तसंच.

तुलनेत मराठी आपल्याला जास्त खोलवर अडकवते. ‘माझ्यापेक्षा उंच’, ‘माझ्यासारखा’. दोन्हीकडे आपलं सामान्यरूप, म्हणून ‘के मी’, ‘कोमो मी’ लिहिलं जातं. पण ‘के’ आणि ‘कोमो’ इथे प्रिपोझिशन नाहीत. ‘एस मास आल्तो के यो’: तो माझ्यापेक्षा उंच आहे. ‘एस कोमो तू’: तो तुझ्यासारखा आहे. मनात ‘मी जितका आहे त्याहून उंच’ असं म्हणा. तिथे मी कर्ता आहे, मग स्पॅनिशमध्येही तो कर्ताच.

‘आ मी’ आणि विसरलेला ‘मे’

‘मला कॉफी आवडते’ हे ‘मे गुस्ता एल काफे’. इथे स्पॅनिश आणि मराठी एका वळणाच्या आहेत: आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस ‘मला’. जोर द्यायचा असेल, ‘मला तर आवडते बुवा’, तर पुढे ‘आ मी’ जोडायचा: ‘आ मी मे गुस्ता’. चूक अशी होते की ‘आ मी’ आल्यावर ‘मे’ गाळला जातो. ‘आ मी गुस्ता’ हे अपुरं वाक्य आहे. ‘आ मी’ जोर देण्यासाठी आहे, वाक्य उभं राहतं ते ‘मे’वर.

‘आ एया’चंही तेच. ‘मी तिला पाहिलं’ म्हणून ‘बी आ एया’ लिहिलेलं मी दर आठवड्याला वाचते. बरोबर ‘ला बी’. ‘तिलाच पाहिलं’ असा जोर हवा तर ‘ला बी आ एया’. ‘मी तिला पुस्तक दिलं’ हे ‘ले दी एल लीब्रो’, आणि स्पष्ट करायचं तर शेवटी ‘आ एया’. म्हणजे ‘आ’सह सर्वनाम वापरलं, तर क्रियापदाजवळ त्याचं छोटं रूपही हवंच. वाक्यात क्रियापदच नसेल तर अर्थातच नको: ‘कोणाला पाहिलंस?’ ‘आ एया.’

आणि इथे आपली मराठी चक्क मदतीला येते. कोणी म्हणालं, ‘मे गुस्ता’, आणि तुम्हालाही आवडत असेल, तर ‘आ मी ताम्ब्येन’ म्हणायचं. कोणी म्हणालं, ‘एस्तुद्यो मूचो’ (मी खूप अभ्यास करते), आणि तुम्हीही करत असाल, तर ‘यो ताम्ब्येन’. कुठे कोणतं, हा गोंधळ आपल्याला व्हायचं कारणच नाही, कारण आपण मलाही आणि मीही यांत कधी चुकत नाही. मलाही असेल तर ‘आ मी ताम्ब्येन’, मीही असेल तर ‘यो ताम्ब्येन’. नकारात ‘आ मी ताम्पोको’ आणि ‘यो ताम्पोको’.

रेघेचा प्रश्न

लिहिताना सर्वनाम ‘मी’वर तिरकी रेघ येते, म्हणजे ‘तिल्दे’. मालकीच्या ‘मी’वर (माझं) येत नाही. ‘ती’वर कधीच येत नाही, कारण तिचं रूप असलेला दुसरा कुठला शब्दच नाही ज्याच्यापासून तिला वेगळं दाखवावं लागेल. ‘मी’च्या सवयीने ‘ती’वर रेघ देण्याची चूक स्पॅनिश मातृभाषा असलेलेही करतात. ‘एल’ (तो) आणि ‘सी’ (स्वतः) यांच्यावर रेघ येते, कारण ‘एल’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) आणि ‘सी’ म्हणजे जर, हे जुळे शब्द भाषेत आहेत. ओळखायला एक खूण: पुढे नाम आलं तर रेघ नाही. ‘पारा मी एर्माना’, माझ्या बहिणीसाठी, इथे रेघ नाही. वाक्य ‘पारा मी’वरच थांबलं तर रेघ. बोलण्यातही रेघेच्या ‘मी’वर आघात येतो, दुसऱ्यावर येत नाही. ‘दे’ आणि ‘एल’ (तो) कधी जोडायचे नाहीत; ‘देल’ हे फक्त उपपदाबरोबर. ‘आ एल’ आणि ‘आल’ यांचंही तसंच.

ऐकलेलं पुस्तकाशी जुळत नसेल तर

आर्जेन्तिना आणि उरुग्वायमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात, आणि प्रिपोझिशननंतरही तो ‘बोस’च राहतो: ‘पारा बोस’, ‘कोन बोस’. ‘बोस’ म्हणणाऱ्याच्या तोंडी सहसा ‘ती’ नसतो, ‘कोनतीगो’ही नसतो. कॅरिबियन भागातल्या लोकांच्या बोलण्यात ‘पारा यो साबेर’ (मला कळावं म्हणून) असं येतं. ते ऐकून आपली ‘पारा यो’ बरोबर होती असं समजू नका. तिथला ‘यो’ पुढच्या ‘साबेर’ या क्रियापदाचा कर्ता आहे. ‘पारा यो’वर वाक्य ते लोकही संपवत नाहीत.

आता स्वतःला तपासा. ही पाच वाक्यं उत्तर न पाहता म्हणा: ‘तुझ्याशिवाय मी जात नाही.’ ‘ते तिच्याबद्दल बोलतात.’ ‘लुइस माझ्यापेक्षा मोठा आहे.’ ‘तुझ्या मते कोण बरोबर आहे?’ ‘आना आणि माझ्याबरोबर ये.’

उत्तरं: ‘सिन ती नो बोय.’ ‘आब्लान दे एया.’ ‘लुइस एस मायोर के यो.’ ‘सेगून तू, क्येन तियेने रासोन?’ ‘बेन कोन आना इ कोनमीगो.’ दुसऱ्या वाक्यात ‘दे ती’ आलं असेल तर बोटांच्या सरावाकडे परत जा. तिसऱ्यात ‘के मी’ आलं असेल तर तुलनेचा परिच्छेद पुन्हा वाचा, आणि पाचव्यात ‘कोन आना इ मी’ आलं असेल तर ‘कोन’ दोनदा म्हणायची सवय लावा. पहिलं आणि चौथं वाक्य मोठ्याने एकापाठोपाठ एक म्हणत राहा: ‘सिन ती’, ‘सेगून तू’, ‘सिन ती’, ‘सेगून तू’. ही दोन न अडखळता वेगळी राहायला लागली की जीभ कोष्टकाची वाट पाहायचं सोडते.